गांगुर्डे बाई आणि फक्कीची रेघ

गांगुर्डे बाईंच्या हाती लग्नपत्रिका दिली तरी त्या आधी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायच्या, मग वाचायच्या. औषधाचं खोकं, बँकेचं पासबुक, मिठाईचा पुडा, कशाचीच सुटका नव्हती. कागदाला कागद जिथे चिकटला असेल तिथे त्यांचं नख गेलंच पाहिजे. माझ्या मुलीच्या बारशाला आल्या आणि पाळण्याच्या कागदी झालरीचा जोड तपासत उभ्या राहिल्या. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "ह्या बाई काय करताहेत?" मी म्हटलं, "काही नाही, सवय आहे त्यांची." त्या सवयीचं मूळ तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

बाई आमच्या नगररचनेच्या कार्यालयात अनुरेखक होत्या. कंप्युटर येण्याआधी नकाशे हाताने काढत. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणून त्यावर रेघ न् रेघ शाईने उतरवून घ्यायची, हे अनुरेखकाचं काम. मी नोकरीला लागलो त्याच्या आधीच त्या निवृत्त झाल्या होत्या, पण कार्यालयात येऊन-जाऊन असायच्या. इंदिरानगरमध्ये एकट्या राहायच्या. उंची बेताची, चष्मा जाड, अंबाड्यात कायम एक टोकदार पेन्सिल खोचलेली आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, सुतळीचं बंडल आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात पांढरी फक्की, क्रिकेटच्या मैदानावर रेघा मारतात ती. त्या फक्कीने मला जेवढा घाम फोडला तेवढा कुठल्या साहेबानेही फोडला नसेल.

तेव्हा आमच्याकडे प्रादेशिक वाहतूक आराखड्याचं काम चाललं होतं. पुढच्या वीस वर्षांत नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत मोठे रस्ते कुठून जातील, बस कुठवर धावतील, रेल्वेवर पूल कुठे होतील, हे सगळं त्यात ठरायचं होतं. असा आराखडा मंजूर करण्याआधी लोकांना दाखवावा लागतो आणि त्यांच्या हरकती घ्याव्या लागतात. आम्ही दाखवत होतो. म्हणजे भिंतीवर नकाशा टांगायचा, समोर खुर्च्या मांडायच्या, चहा फिरवायचा आणि सह्यांचं रजिस्टर फिरवायचं. आमच्या साहेबांच्या भाषेत याला लोकसहभाग म्हणत. मी त्या रजिस्टरचा राखणदार होतो.

पहिल्याच सभेत बाई तडक भिंतीपाशी गेल्या आणि नकाशावरून नख फिरवू लागल्या. नकाशा चांगला गुळगुळीत फ्लेक्सवर छापलेला होता.

"ह्याचा जोड कुठंय?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, हे कंप्युटरचं काम आहे. याला जोड नसतो."

"जोड असतोच. तुम्हाला दिसत नाही एवढंच. कशावरून केलाय?"

मी सांगितलं, की मागच्या वेळचा मंजूर नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या फोटोवर बसवला आहे. "मागच्या वेळचा म्हणजे कुठला?" मी साल सांगितलं. बाईंनी नकाशावरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला त्याची मोठ्या मापाची शीट दाखवाल का? गट नंबरांची?"

"दाखवतो की. उद्या या."

हा माझा उद्या सरकारी होता. तो पुढे कित्येक आठवडे उजाडला नाही. बाई भेटतील तिथे विचारायच्या आणि मी हसून टाळायचो. सर्व्हर बंद आहे, पासवर्ड साहेबांकडे आहे, काहीही सांगायचो. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

बाई मात्र प्रत्येक सभेला हजर. लासलगावच्या अलीकडच्या एका गावातली सभा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कांद्याचा लिलाव आटोपून लोक ट्रॅक्टरवरूनच समाजमंदिरात आले होते. नकाशासमोर घोळका झाला. एकाने बोट ठेवलं, "हे बघा आपलं गाव!" आणि सगळे खूश झाले. मी विचारलं, कुणाची काही हरकत? "कसली हरकत साहेब, रस्ता व्हतोय, चांगलंच हाय की." मी रजिस्टर मिटलं. तेवढ्यात बाई उठल्या.

"निकम, थांबा जरा," त्या मला म्हणाल्या. मग लोकांना, "सगळे बाहेर या."

कालव्याच्या पुलापासून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. नकाशाची प्रत हातात, पेन्सिल दातात. एका जागी खुंटी ठोकून सुतळी बांधली, ती लांबवर ताणली आणि डब्यातली फक्की चिमटीने सोडत रेघ मारत गेल्या. रेघ एका कांदाचाळीच्या भिंतीला जाऊन भिडली. चाळीतून एक बाई बाहेर आली.

"ओ ताई, ही कसली रेघ?"

"नव्या रस्त्याची कड."

"न् दुसरी कड कुठं?"

गांगुर्डे बाई पुन्हा चालू लागल्या. चाळ संपली तरी चालत होत्या. गोठा गेला, अंगण गेलं, त्या बाईच्या घराची पायरी गेली. लोक मागोमाग येत होते. घराच्या मागे, परसातल्या शेवग्यापलीकडे बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं."

मग जो कालवा झाला तो विचारू नका. सरपंच माझ्या अंगावर धावून आले. "म्याडमला गाव पेटवायला आणलं का तुमी?" कुणीतरी आमच्या गाडीपुढे ट्रॅक्टर आडवा लावला. बाई मात्र डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणाल्या, "पेटवायला नाही हो. कागदावर एक रेघ होती, तिची रुंदी दाखवायला आले." पुढच्या आठवड्यात त्या गावातून हरकतींचे गठ्ठे आले. परतीच्या वाटेवर त्या मला म्हणाल्या होत्या, "भिंतीवरचा नकाशा बघून माणूस आपलं गाव शोधतो, निकम. जमिनीवरची रेघ बघितली की आपलं घर शोधतो." मी तेव्हा त्यांच्यावर भयंकर चिडलेलो होतो.

साहेब माझ्यावर त्याहून चिडले. "कुंभमेळ्याची कामं डोक्यावर आहेत, वरून रोज फोन येतोय, आणि तुम्ही निवृत्त बाईला फक्की घेऊन फिरवताय? पुन्हा ती दिसली तर तुमची बदली नांदगावला करायची की सुरगाण्याला, एवढंच ठरवायचं राहील." मी बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. सभांना आल्या नाहीत. बसने एकट्याच गावोगाव जाऊ लागल्या.

त्यांचा एक गुरुवार मात्र ठरलेला होता. दर गुरुवारी त्या शहराच्या कडेच्या भोपळे मळ्यात जायच्या आणि रंभाबाई भोपळे यांच्याकडून शेवंती आणायच्या. नाशिकचा फुलबाजार सोडून दोन बस बदलून तिकडे कशाला जायचं? मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ओळख आहे." भोपळ्यांच्या पाचसात घरांची ती वस्ती. पिढ्यान् पिढ्या फुलं लावणारी माणसं. मागच्या आराखड्यातला चौपदरी रस्ता त्यांच्या मळ्याच्या मधोमध गेला होता. घरं एका बाजूला राहिली, विहीर आणि फुलांची वावरं दुसऱ्या बाजूला. रंभाबाईंचे यजमान एका पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेऊन तो रस्ता ओलांडत होते. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. रंभाबाई बाईंना फुलं द्यायच्या आणि वर एक गजरा फुकट घालायच्या. बाई तो गजरा कधी माळायच्या नाहीत. पिशवीत तसाच ठेवायच्या.

हरकती घेण्याचा शेवटचा दिवस उजाडला. सव्वासहाला खिडकी बंद होणार होती. दुपारी रंभाबाई आल्या, बरोबर घरातली चारपाच माणसं. प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे. दोन दिवसांपूर्वी गांगुर्डे बाईंनी त्यांच्या अंगणात फक्की टाकून दाखवलं होतं, की नवा बाह्यवळण रस्ता जुन्या रस्त्याला येऊन मिळतो तो नेमका त्यांच्या घरांवर. खिडकीवरच्या लिपिकाने गट नंबर कंप्युटरवर टाकले आणि कागद परत केले.

"हे गट आराखड्यात येतच नाहीत. हरकत घेता येणार नाही."

"आमच्या घरावरून रस्ता जातोय," रंभाबाई म्हणाल्या, "न् आमीच नाय व्हय त्याच्यात?"

"मावशी, नकाशात नंबर नाही तर मी काय करू?"

मी आवाज ऐकून बाहेर आलो. व्हरांड्यातल्या बाकावर गांगुर्डे बाई बसल्या होत्या. त्या मला इतक्या म्हाताऱ्या कधी दिसल्या नव्हत्या. "निकम," त्या म्हणाल्या, "आता तरी शीट दाखवा."

शीट उघडायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतके आठवडे टाळलेलं काम. भोपळे मळ्याच्या जागी शेजारच्या एका बिल्डरचा गट पसरला होता, घरं, अंगणं, सगळं गिळून. त्यापुढचा नंबर एकदम सात-आठ आकडे उडी मारून सुरू होत होता. मधले गट नव्हतेच. जुना नकाशा फोटोवर बसवताना आम्ही तो रबरासारखा ताणला होता आणि त्या गटांची पोकळी भरून निघाली होती. नोटीस बिल्डरला गेली होती. त्याने आनंदाने संमती दिली होती.

बाईंनी पुढे होऊन पडद्यावर अंगठ्याचं नख टेकवलं आणि ते वरून खाली ओढलं.

"इथं. हा जोड माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या आराखड्याच्या वेळी दोन गावांच्या दोन शीट जोडायच्या होत्या. वरच्या कागदाची कोरी कड हद्दीवर कापून मग खळ लावायची असते. त्यांनी न कापताच तो खालच्या कागदावर चिकटवला आणि खालची एक पट्टी झाकली गेली. त्या पट्टीत भोपळ्यांचे गट होते. "चिकटवल्यावर मी नख फिरवलं. नखाला जाड लागलं. कळलं मला तेव्हाच. पण नकाशा दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचा होता. साहेब डोक्यावर उभे राहून ओरडत होते, मी नोकरीत नवी. उघडलं असतं तर सगळं पुन्हा काढावं लागलं असतं. म्हटलं, नंतर दुरुस्त करू. नकाशा मंजूर झाला. भोपळ्यांना नोटीसच गेली नाही. खुंट्या ठोकायला माणसं आली तेव्हा त्यांना कळलं. तोवर मुदत संपली होती."

मी त्यांना घेऊन साहेबांकडे गेलो. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि आज शेवटच्या दिवशी नकाशा चुकला म्हणता? नुसत्या तोंडी बोलण्यावर मी गट आत घेऊ शकत नाही. लेखी द्या. चूक कुणी केली, कशी केली, आणि तेव्हाच का सांगितली नाही. मग बघतो. पण बाई, चौकशी लागू शकते. पेपरात नाव येईल. विचार करा."

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

माझ्याच टेबलावर बसून त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं, सरळ आणि सुटं. साडेपाच वाजले. खिडकीपाशी रंभाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या, जागच्या हलल्या नव्हत्या. मी बाईंच्या खांद्यावरून वाचत होतो आणि मला राहवेना. "बाई, 'नजरचुकीने' असं लिहा. तेवढं पुरतं. गट आत येतील आणि तुमच्यावरही काही येणार नाही."

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नजर चुकली नव्हती, निकम. नखाला लागलं होतं."

सहीचा कागद घेऊन मी साहेबांकडे निघालो तर बाईंनी माझी बाही धरली. "आधी तिला वाचून दाखवते."

"आत्ता? बाई, पावणेसहा झालेत!"

"आधी तिला."

व्हरांड्यात त्या रंभाबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि अख्खा कागद वाचला. मोठ्याने, एकही शब्द न गाळता. नखाला जाड लागलं होतं, हेसुद्धा. भोपळ्यांची माणसं बघत राहिली. लिपिक खिडकीतून डोकं काढून ऐकत होता. मला वाटत होतं, की आता काहीतरी भयंकर होणार आणि ते थांबवण्याची ताकद माझ्यात नाही.

रंभाबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "दर गुरुवारी येत व्हत्या तुमी. शेवंतीला."

"हो."

"म्हंजे ह्याच्यापायी?"

"हो."

"लय वर्सं आल्या," रंभाबाई म्हणाल्या. "मी गजरा देत व्हते तुमाला."

गांगुर्डे बाईंनी मान खाली घातली. रंभाबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, खिडकीपाशी गेल्या आणि सातबारे आत सरकवले. मी धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि 'हरकत स्वीकारावी' असा शेरा मारला. भोपळ्यांच्या हरकती सहा वाजून काही मिनिटांनी दाखल झाल्या. लिपिकाने शिक्का मारला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी वळून बाईंना सांगायला गेलो तर बाक रिकामा होता.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. समितीने भोपळे मळ्याचे गट नकाशात घेतले, जागेवर पाहणी करायचं ठरवलं आणि त्यानंतर बाह्यवळणाची रेघ मळ्याबाहेर सरकली. जुन्या रस्त्याखालून विहिरीकडे जायला भुयारी वाटही आराखड्यात आली. बाईंवर चौकशी लागली नाही. जुनी फाईल मागवली तेव्हा ती सापडलीच नाही, आणि आमच्या कार्यालयात फाईल न सापडणं यात नवल काही नाही. माझी बदलीही झाली नाही. आता गावोगावच्या सभांना मी स्वतः फक्की घेऊन जातो आणि शिव्या खातो. पाहणीनंतर दोनच महिन्यांनी गांगुर्डे बाई गेल्या. मला त्या फार आवडायच्या, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पाहणीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. समितीच्या गाड्या यायच्या होत्या. भुयारी वाट कुठे हवी ते जमिनीवर आखून ठेवायचं होतं म्हणून मी लवकर पोचलो, तर बाई आधीच आल्या होत्या. रस्त्याच्या कडेला खुंटी ठोकून झाली होती. सुतळीचं एक टोक त्यांच्या हातात होतं. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मी पुढे झालो. तेवढ्यात शेवंतीच्या वाफ्यातून रंभाबाई आल्या, हात पदराला पुसले आणि सुतळीचं टोक उचललं.

"मी बोलनार नाय तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "पन दोरी धरते."

त्या टोक घेऊन विहिरीच्या दिशेने चालत गेल्या आणि ते जमिनीला टेकवून बसल्या. सुतळी ताणली गेली. गांगुर्डे बाई वाकल्या आणि फक्की सोडू लागल्या. आयुष्यभर त्या हाताने सरळ रेघाच मारल्या होत्या. त्या दिवशी मात्र रेघ सुतळी सोडून बाजूला गेली. बाई थांबल्या. ओणव्याच उभ्या राहिल्या, पुढेही जाईनात, मागेही येईनात.

रंभाबाईंनी सुतळी सोडली नाही. तिकडूनच ओरडल्या, "वाकडी गेली. पुसा न् परत टाका."

बाईंनी पायाने रेघ पुसली आणि पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात केली.